आडवारीची दुपार

आमच्या सिडकोतल्या घराला मागच्या बाजूला एक खोली आहे. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर ती रिकामीच होती. हे निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्या खोलीचं ऑफिस झालं. हे म्हणजे माझे यजमान. मूळचे गंगापूरकडचे, सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झालेली. मी शाळेत मराठी शिकवायचे आणि ह्यांच्या आधी चारच महिने निवृत्त झाले होते.

आमचं दोघांचं नोकरीत आयुष्य गेलं, त्यामुळं आम्ही कुठंही गेलो ते रविवारी गेलो. पैठण रविवारी, वेरूळ रविवारी, लग्नकार्यं रविवारी. सगळीकडं गर्दी, सगळीकडं रांग. जायकवाडीच्या मागच्या पाण्यावर हिवाळ्यात लांबून पक्षी येतात. ह्यांनी नोकरीत ते शेकडो वेळा पाहिले असतील. मी पाहिले ते लोकांच्या खांद्यांवरून. तेव्हा हे म्हणायचे, "रिटायर झालो की आडवारी येऊ. मंगळवारी नाहीतर बुधवारी. तुझ्या-माझ्याशिवाय तिथं कुणी नसंल." त्या एका वाक्यावर मी शाळेतली शेवटची दहा वर्षं काढली असं म्हटलं तरी चालेल.

निवृत्तीनंतरचे पहिले महिने मात्र वाईट गेले. हे गॅलरीत बसून राहायचे. दाढी दोन दोन दिवस करायची नाही. जुन्या ऑफिसात फोन लावायचे आणि पलीकडचा घाईत आहे हे कळलं की आपणच "बरं बरं, ठेवतो" म्हणायचे. फिरायला जाऊ म्हटलं तर "बघू". मला त्या "बघू"ची भीती वाटायला लागली होती.

मग कुणीतरी ह्यांना शेअर बाजाराच्या क्लासला नेलं. तिथून हे जी विद्या शिकून आले ती मला समजावून सांगताना इतक्या महिन्यांत पहिल्यांदा चेहऱ्यावर तेज दिसलं. बाजार या आठवड्यात अमुक पातळीच्या वर जाणार नाही आणि तमुकच्या खाली येणार नाही, अशी पैज दुसऱ्याला विकायची. त्याचे पैसे मिळतात. पण आपण चुकलोच तर हात पोळू नयेत म्हणून त्यातल्याच थोड्या पैशांत उलट बाजूची पैज विकत घेऊन ठेवायची. या बंदोबस्ताला हेजिंग म्हणतात.

"धरण कधी काठोकाठ भरून ठेवत नसतेत," हे म्हणाले. "वरून पूर आला तर जागा पाहिजे. लोक ती जागा ठेवत नाहीत अन् मग बोंबलतेत."

माझं डोकं एवढं चालत नव्हतं. मी माझ्या वाट्याचे निवृत्तीचे पैसे एका इंडेक्स फंडात टाकले होते. मैत्रिणीनं सांगितलं होतं की यात काही निवडायचं नसतं, देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या सगळ्याच्या सगळ्या घ्यायच्या आणि विसरून जायचं. मला ते पटलं, कारण आयुष्यभर मी तेच केलं होतं. आख्खा वर्ग शिकवायचा, हुशार पोरं वेगळी काढायची नाहीत. हे हसले. "तुझ्या वर्गाला पूर आला की मग सांग," म्हणाले.

त्यातूनच पैज लागली. दोघांचे पैसे जवळपास सारखेच होते. पाच वर्षं पाहायचं. दर दिवाळीच्या पाडव्याला मी औक्षण केलं की दोघांनी आपापला आकडा, म्हणजे वर्षात शेकडा किती वाढले तो, चिठ्ठीवर लिहून तबकात टाकायचा. पाच पाडव्यांनी जो मागं असेल त्यानं आपला रस्ता सोडायचा. मी हरले तर मी बडबड बंद करायची. हे हरले तर ऑफिस बंद, आणि आडवारी बाहेर पडायचं.

पहिल्या पाडव्याला हे जिंकले. खरोखरच जिंकले. त्या वर्षी बाजार खाली जाऊन कसाबसा परत आला होता, माझा फंड होता तिथंच होता आणि ह्यांचे पैसे थोडे का होईना वाढले होते. ह्यांनी ओवाळणीची साडी दिली, वर "पुराला जागा ठेवली होती" असंही ऐकवलं. मी मनापासून हसले. तेव्हा आमचं बरं चाललं होतं.

ऑफिसची शिस्त कडक होती. सकाळी पाणी असो नसो, हे नऊला दाढी, अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून, मनगटावर घड्याळ बांधून खोलीत जायचे. सव्वानऊ ते साडेतीन दार लोटलेलं. अकराला मी चहा नेऊन द्यायची, जेवणाचं ताट दीड वाजता. आठवड्यातून एक दिवस एक्स्पायरीचा असायचा, म्हणजे त्या आठवड्याच्या पैजा मिटायचा. त्या दिवशी तर कुकरची शिट्टीही चालायची नाही. दाराच्या आतल्या बाजूला ह्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला होता: मला काही झालं तर आधी विकलेलं बंद करायचं, मग विकत घेतलेलं. उलटं केलं तर नुकसान. हे त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं, मी पोरांकडून कविता पाठ करून घ्यायची तसं.

मी विचारायची, "बुधवारी पैठणला जायचं का?"

"बुधवारी नको गं. पोझिशन उघडी आहे, पैज मिटायचीय अजून. शनिवारी जाऊ."

"शनिवारी गर्दी असते."

"मग बघू."

मी रागावायची, पण आतून सुखावलेलीही असायची. गॅलरीतला तो न दाढी केलेला माणूस मी पाहिला होता. एकदा मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी तिला म्हटलंही, "बरं आहे बाई, दिवसभर खोलीत असतात. माझ्या पायात पायात नाहीत." बायका असं बोलतात. त्यात काही नसतं. दार लोटलेलं होतं, पण कडी लावलेली नव्हती, हे मला आज आठवतंय.

दुसऱ्या पाडव्याच्या आदल्या दिवशी मी मोबाइलवर माझा आकडा पाहिला. फंड चांगला वाढला होता. ह्यांचं ते वर्ष मी दाराबाहेरून ऐकलं होतं. चार आठवडे थोडे थोडे मिळायचे आणि पाचव्या आठवड्यात बाजार एकदम वर उसळला की मिळालेलं सगळं जायचं. बंदोबस्तामुळं बुडत नव्हते, पण बंदोबस्तालाही दर आठवड्याला पैसे लागतच होते. बाजार वर गेला तर माझा सगळा वर्ग वर जायचा. हे मात्र वर न जाण्याची पैज विकून बसलेले. मला ती गॅलरी दिसायला लागली. मी चिठ्ठीवर बँकेच्या व्याजाहून कमी आकडा लिहिला.

औक्षण झालं. ह्यांनी माझी चिठ्ठी उघडली, वाचली, आणि माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "एवढंच?" म्हणाले.

"एवढंच. तुमचं?"

ह्यांचं माझ्या खोट्याहून जरासं जास्त होतं. "जिंकलात की," मी म्हटलं. ह्यांनी माझी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद दाबतायत.

मी खोटं बोलले त्याचा मला अभिमान वाटत होता, हेही सांगून टाकते. नवऱ्याचं मन राखलं असं वाटत होतं.

तिसऱ्या पाडव्याला ह्यांच्या चिठ्ठीत भला मोठा आकडा होता. माझ्या खऱ्या आकड्याच्या इतका जवळ की मला आश्चर्यच वाटलं, आणि बरंही वाटलं. जमलं एकदाचं ह्यांना. मी गणित शिकवत असते तर मला तिथंच काहीतरी खटकलं असतं. मी मराठीची बाई, मी पुन्हा खोटा आकडा टाकून मोकळी झाले. चौथ्या वर्षी बाजारच सुस्त होता, ह्यांचाही आकडा खाली आला. तोही माझ्या खऱ्या आकड्याला लागूनच होता. मी पुन्हा त्याच्या निम्मा लिहिला. हे म्हणाले, "तुझा वर्ग लई मागं पडतोय गं." चेष्टेतच म्हणाले, पण डोळे चेष्टेचे नव्हते.

त्या दोन-सव्वादोन वर्षांत एक-दोनदा चहा घेऊन गेले तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर पत्त्यांचा डाव दिसला. "बाजार थंड आहे," हे म्हणायचे. मी चहा ठेवून बाहेर यायची, टीव्हीचा आवाज कमी करायची, आणि भाजी निवडत बसायची. दाराच्या अलीकडं मी, पलीकडं हे. साडेतीनला दार उघडायचं आणि हे ऑफिसातून दमून आल्यासारखे बाहेर यायचे.

या हिवाळ्यात एका मंगळवारी अकराचा चहा घेऊन गेले तर हे खुर्चीत एका बाजूला कलले होते. हाक मारली, उत्तर आलं नाही. शेजाऱ्यांनी गाडी काढली. दवाखान्यात सांगितलं, मेंदूत रक्तस्राव झालाय, बेशुद्ध आहेत, आशा फार धरू नका.

मुलगी दुपारपर्यंत पुण्याहून आली. ती माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि माझ्या डोक्यात काय होतं, तर एक्स्पायरी. मंगळवार होता, आणि अलीकडं पैजा मंगळवारीच मिटायच्या. ह्यांचं उघडं राहिलेलं काही असलं आणि ते तसंच बुडलं, तर शुद्धीवर आल्यावर हे मला काय म्हणतील? मी तिला म्हटलं, "आधी बाबांचं खातं उघड. आधी विकलेलं बंद करायचं, मग विकत घेतलेलं. उलटं करू नको."

तिला पासवर्ड माहीत होता. तिथंच बाकावर बसून तिनं मोबाइलवर खातं उघडलं. बराच वेळ खाली-वर करत राहिली.

"आई, इथं काहीच नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतीये. काहीच उघडं नाही. दोन वर्षांपेक्षा जास्त झालं, एकही व्यवहार नाही. सगळे पैसे काढून घेतलेत."

मला वाटलं, बुडवले. बुडवले आणि सांगता आलं नाही. मी मुलीला म्हटलं, असू दे, पैसे गेले तर गेले. ती तोवर ह्यांची ईमेल पाहत होती. मग तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. दुसऱ्या पाडव्यानंतरच्या आठवड्यात ह्यांनी सगळे पैसे एका फंडात टाकले होते. नाव वाचलं. तो माझाच फंड होता.

"बाबांनी शेवटी तुझंच ऐकलं की गं," मुलगी म्हणाली.

तिच्या बोटाखाली आणखी ओळी होत्या. दर महिन्याला फंडाकडून येणारी माझी पत्रकं. मला ईमेल हाताळता येत नाही म्हणून सुरुवातीला ह्यांनीच माझ्या फंडाला स्वतःचा पत्ता दिला होता, आणि मी ते साफ विसरले होते. सगळी पत्रकं उघडून वाचलेली होती. दुसऱ्या पाडव्याच्या आधीचंसुद्धा.

म्हणजे ह्यांना माझा खरा आकडा तेव्हाच माहीत होता. मी खोटं लिहिलं हेही माहीत होतं. मी पुढं केलेली चिठ्ठी त्यांनी खिशात ठेवली, आठवड्याभरात आपला रस्ता गुपचूप सोडला आणि माझ्या रस्त्याला लागले. पुढच्या दोन्ही पाडव्यांना त्यांनी आकडा खरा लिहिला. तो माझाच आकडा होता. मी ओळखेन म्हणून दोन वर्षं वाट पाहिली असेल. मी ओळखला नाही. मग रोज नऊला दाढी करून, शर्ट घालून, हे त्या खोलीत कशासाठी जाऊन बसत होते? मी खोटं बोलून जी खोली त्यांच्यासाठी राखली ती रिकामी करणं त्यांना बरं वाटलं नसेल. किंवा फोनवरचं माझं ते वाक्य त्यांनी ऐकलं असेल आणि माझ्या पायात येऊ नये म्हणून बसत असतील. मला माहीत नाही. विचारायला पाहिजे होतं. दार ढकलायला पाहिजे होतं. मला ह्यांचा इतका राग आला की अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभी राहून मी रडण्याऐवजी दात आवळत होते.

आत सोडायची वेळ दुपारी तीन ते चार होती. मंगळवारी मुलगी आत गेली, बुधवारी मी. नर्सनं स्टूल दिलं. ह्यांची दाढी वाढली होती, हात गरम होता, घड्याळ काढून माझ्याकडं दिलेलं होतं. खिडकीतून उन्हाचा पट्टा चादरीवर आला होता. मी वाकून त्यांच्या कानाशी माझे तिन्ही पाडव्यांचे खरे आकडे सांगितले. मग म्हटलं, "हरलात तुम्ही. ऑफिस बंद."

साडेतीन वाजले. मी त्यांचा हात धरून बसून राहिले. चारला नर्सनं उठवेपर्यंत मी मोजत होते: लग्नानंतर आडवारी दुपारी आम्ही दोघं एकमेकांशेजारी नुसते बसलो, असं हे पहिल्यांदाच होत होतं. गुरुवारी पहाटे हे गेले.