चंद्राची हिरवी कड

आत्याला राग आला की ती आवाज चढवत नाही. हातातली वस्तू खाली ठेवते. त्या दिवशी तिने भिंग खाली ठेवलं आणि छापखान्यातल्या माणसांनी आपापल्या यंत्रांकडे तोंडं फिरवली.

एकतीस वर्षं ती रंगीत छपाईत आहे. कागदावर चार रंग एकामागून एक चढतात, प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी. चारही नेमके एकमेकांवर बसले तर चित्रातला चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो, नाहीतर ओठांच्या शेजारी आणखी एक ओठ उमटतो. हे कळावं म्हणून कागदाच्या कडेला अधिकच्या चिन्हासारखी बारीक खूण असते. आत्या तिच्यावर भिंग टेकवते, एक डोळा मिटते आणि "चालू दे" किंवा "थांबव" एवढंच म्हणते. तिथे तिला सगळे भिंगबाई म्हणतात.

माझे बाबा तिचे थोरले भाऊ. शिंपी. वर्षभरापासून त्यांनी एक नवंच खूळ घेतलं होतं. अंतराळ संस्था दाखवतात ते फोटो खोटे, सगळं कॉम्प्युटरवर रंगवलेलं. गिऱ्हाईकाच्या छातीभोवती टेप गुंडाळून ते हे सांगत. टेप सुटेपर्यंत गिऱ्हाईकाला कुठे जाता येत नसे. आम्ही हसायचो. आता वाटतं, हसायला नको होतं.

कारण मग त्यांच्या डाव्या डोळ्यात दोष निघाला. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या पडद्याचं चित्र कॉम्प्युटरवर दाखवलं, लाल, हिरवं, पिवळं. पडद्याखाली पाणी साचतंय, लगेच इंजेक्शनं सुरू करू, उशीर झाला तर समोरचं दिसणं कायमचं जाईल, असं त्या म्हणाल्या.

बाबांनी विचारलं, "हे रंग माझ्या डोळ्यात आहेत?"

"नाही, रंग कॉम्प्युटर भरतो. समजायला सोपं जावं म्हणून."

झालं. बाबा खुर्चीवरून उठले ते थेट घरी आले. त्याला तीन महिने झाले. तीन महिने आई विनवत होती, मी भांडत होते. सुईत दोरा मीच ओवून देत होते आणि ते म्हणत, हल्ली सुयाच निकृष्ट येतात.

त्या दिवशी दुपारी ते आपणहून छापखान्यात निघाले. मीही मागोमाग गेले. त्यांना हवा तसा पुरावा सापडला होता आणि तो त्यांना बहिणीच्या तोंडावर मारायचा होता.

"तुझाच धंदा आहे, तूच सांग," त्यांनी मोबाईल तिच्यासमोर धरला. अंतराळातून घेतलेला, पृथ्वीसमोरून सरकणाऱ्या चंद्राचा फोटो होता. "चंद्राच्या कडेला ही हिरवी रेघ बघ. कापून चिकटवलाय. चिकटवणारा अडाणी निघाला."

आत्याने एकदाच पाहिलं. "रंग सुटलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन फोटो वेगवेगळे घेतलेत, एकापाठोपाठ एक. तेवढ्यात चंद्र थोडा पुढे गेला. म्हणून हिरवा जुळला नाही. चंद्र खोटा असता ना दादा, तर ही रेघ राहिलीच नसती. बसल्या जागी पुसली असती."

"पण जोडलं ना? कबूल केलंस ना?"

"जोडलं! मी रोज जोडते. तू बाही वेगळी कापतोस, पाठ वेगळी कापतोस. मग शर्ट खोटा का?"

मशीनमन खुदकन हसला आणि लगेच खोकला.

"शर्ट मी स्वतः शिवतो," बाबा म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी बघतो. कॉम्प्युटरने रंगवलेलं मला दाखवायचं नाही. ना चंद्र, ना डोळा."

तेव्हा आत्याने भिंग खाली ठेवलं.

"हे बघ. इथे कॉम्प्युटर नाही." तिने नुकताच छापलेला कागद ओढला आणि बोट कडेच्या खुणेवर ठेवलं. "लाव भिंग. काय दिसतं ते सांग."

बाबांनी भिंग उजव्या डोळ्याला लावलं. "अधिकची खूण. सरळसोट. आहे की डोळा ठणठणीत!"

"दुखणं डाव्यात सांगितलंय आणि दाखवतोस उजवा? लाव डावा."

मला वाटतं तिला काही सिद्ध करायचं नव्हतं. ती नुसती चिडली होती. बाबांनी डोळा बदलला. बराच वेळ वाकून राहिले.

"ही वाकडी आहे."

"काय?"

"खूण. रेघ मध्येच आत वाकलीय. आणि जिथे दोन रेघा छेदतात तिथे काही नाहीच." त्यांनी मान वर केली, चेहऱ्यावर विजय. "तुझी जुळणी चुकली, भिंगबाई!"

आत्याने भिंग हिसकावून स्वतः पाहिलं. मग टेबलावरची स्टीलची पट्टी खुणेच्या रेघेला भिडवली. "आता बघ. डाव्यानेच."

बाबांनी पाहिलं. उजव्याने पाहिलं. पुन्हा डाव्याने.

"पट्टीही वाकडी आहे," ते म्हणाले, पण हे वाक्य संपेपर्यंत त्यांचा आवाज बारीक झाला होता. जन्मभर पट्टीने कापड आखलेला माणूस. त्यांनी ती उचलली, उलटी केली, अंगठा कडेवरून हळूच फिरवला. अंगठ्याला ती सरळ लागली असणार.

यंत्र चालूच होतं.

"सुई थेट डोळ्यातच टोचतात ना गं?" बाबांनी विचारलं.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती त्यांच्या पाठीवर हात ठेवेल.

"म्हणजे घाबरलास होय? तीन महिने सुईला घाबरून बसलास? मग तसं सांगायचं होतंस! त्या चंद्राला कशाला मध्ये ओढलंस? सुया घेऊन जन्म काढलास तू, दादा! पोरीला रडवलंस, वहिनीला रडवलंस, आणि आम्ही काय करत होतो, तर कॉम्प्युटरवरून वाद घालत होतो!" तिचा आवाज चढला होता. मी तो पहिल्यांदाच ऐकला.

आम्ही तिथूनच दवाखान्यात गेलो. आत्याच्या हातांवर शाई तशीच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते बहुधा परत येणार नाही, उरलेलं वाचवू. आत्याने "तीन महिने" असं दोनदा म्हटलं, भिंतीला उद्देशून. सुईच्या वेळी बाबांनी तिचा हात धरला. तिने तो सोडवला नाही, पण त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

तो खुणेचा कागद तिने त्यांच्या दुकानात कापायच्या टेबलासमोर चिकटवला आहे. रोज सकाळी तिचा फोन येतो.

"डाव्याने बघितलंस?"

"बघितलं."

"किती वाकडी?"

"कालच्याइतकीच."

"खरं सांग."

"खरंच सांगतोय, बाई."

ती फोन ठेवते. अजून ती त्यांच्याशी याहून जास्त बोलत नाही.