फाट्यापुढचा रस्ता

"यष्टीची वाट बघू नगा, पाय उचला," हे हिर्डोशीच्या चिमाजीचं कायमचं बोलणं. अडुसष्ट साली तापानं फणफणलेल्या बायकोला झोळीत घालून तो भोरच्या दवाखान्याकडं निघाला होता. झोळी वाहणारे दमले, म्हणून फाट्यावर यष्टीसाठी थांबला. यष्टी आलीच नाही. ठकुबाई तिथंच आंब्याखाली गेली.

त्र्याहत्तर साली बहिणीनं, चंद्राबाईनं, त्याला भोरात तंबूतला सिनेमा दाखवला. त्यातला माणूस बायकोला वाचवायला यंत्रात बसून आदल्या दिवसात जायचा. दर खेपेला नवीच चूक व्हायची अन् ती पुन्हा मरायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोरच्या स्टँडवर मंडळी तेच उकलत बसली.

"दादा, ती तीनदा मेली. मग खरी कवा मेली?" चंद्राबाईनं विचारलं.

"तंबूवाल्यानं रिळं उलटीसुलटी लावली, दुसरं काय!" गावचा साहेबराव हसला.

"न्हाई," चिमाजी म्हणाला. "ती एकदाच मेली. त्योच परत परत तिथं जातोय. म्याबी रोज जातो. न थांबता झोळी उचलतो. पर फाट्याच्या म्होरं रस्ताच दिसत न्हाई."

"चालला असतास, तर वाचली असती असं थोडंच हाय?"

"त्येच तर कळत न्हाई, चंद्रे."

यष्टी लागली. चंद्राबाईनं खिडकीतून पिशवी टाकून दोघांची जागा धरली. चिमाजीनं मात्र धोतर खोचलं अन् हिर्डोशीची वाट पायीच धरली. पुढं गाडीनं त्याला गाठून मागं टाकलं. शेजारची जागा हातानं अडवून चंद्राबाई मागच्या काचेतून त्याला बघत राहिली.