चेट्टाची कोपनहेगनमधली मतं

माल्टातल्या झेय्तुन गावच्या चेट्टाला दर मे महिन्यात एकाच गोष्टीचा संताप यायचा. युरोव्हिजन या युरोपभरच्या गाण्यांच्या स्पर्धेच्या दिवशी अख्खं गाव बॅण्ड क्लबातल्या पडद्यासमोर जमायचं, माल्टाचं गाणं लागलं की घसा फाटेस्तोवर ओरडायचं, आणि मत द्यायची वेळ आली की नुसतं हात चोळत बसायचं. कारण काय, तर स्वतःच्या देशाला मत देता येत नाही! "म्हणजे आपलं पोर सोडून शेजाऱ्याच्या पोराला शाबासकी द्यायची? कुण्या मेल्यानं काढला हा नियम?" केस कापता कापता ती गिऱ्हाइकांना विचारायची. बायका आरशातून माना डोलवायच्या. कात्री जिच्या हातात तिच्याशी वाद कोण घालणार?

यंदा तर तिची सख्खी भाची, क्लॅरिस, माल्टाकडून गायला निवडली गेली. बातमी आली तेव्हा चेट्टानं एका बाईच्या केसांना लावलेला रंग धुवायचा तसाच ठेवला आणि रस्त्यावर धावली. त्या बाईचे केस पुढे महिनाभर गाजराच्या रंगाचे होते.

यंदाची स्पर्धा होती डेन्मार्कात, कोपनहेगनला. आणि मग चेट्टाला एक युक्ती सुचली. "माल्टातून माल्टाला मत देता येत नाही ना? मग मी डेन्मार्कात जाऊन देते!" क्लबात तिनं हे जाहीर केलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून दोघंतिघं हळहळले सुद्धा. नवरा साल्वू तेवढा डोकं खाजवत म्हणाला, "अगं, मत द्यायला कुणी विमानानं जातं का?"

"तू गप बस. तुला बसच्या पलीकडचं काय कळतंय?"

साल्वू तीस वर्षं बस चालवत होता. तो तिकिटं काढायला गेला.

कोपनहेगनला पोचल्यावर, अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी, हॉटेलात नाश्त्याला, माल्टाहून आलेल्या त्यांच्याच गटातली जेर्माना भेटली. ती दरवर्षी जाणारी, त्यामुळे नाक वर. चेट्टाचा बेत ऐकून तिला हसू आवरेना. "चेट्टाबाई, फोन माल्टाचा, नंबर माल्टाचा. मत तरी डेन्मार्कचं कसं धरतील?"

चेट्टाच्या तोंडचं पाणीच पळालं. पण हार मानेल तर ती चेट्टा कसली! कोट चढवला आणि साल्वूला ओढत बाहेर पडली. एका दुकानात सिमकार्ड संपलेलं, दुसरं बंद, तिसऱ्यातल्या पोराला तिचं इंग्रजी कळेना आणि तिला त्याचं. दुपारी एकदाचं डेन्मार्कचं सिमकार्ड हातात पडलं. ठरलेलं फिरणं राहिलं, जेवणही राहिलं. साल्वूनं बाकावर बसून घरून आणलेली पास्तिझी, चीज भरलेली ती खारी, गारच खाल्ली. "बायकोबरोबर परदेश बघितला," तो म्हणाला, पण ते ऐकायला तिला वेळ नव्हता.

सभागृहात पर्स न्यायला बंदी. ती बाहेर सामानघरात ठेवावी लागली. आत उभ्याची तिकिटं, पुढे सहा-सहा फुटी लोक आणि त्यांचे झेंडे. चेट्टानं कानातल्याच्या टोकानं फोन उघडून नवं कार्ड बसवलं, तर फोन चार आकडे मागू लागला. आकडे कार्डाच्या पाकिटावर. पाकीट पर्समध्ये. तिनं अंदाजानं दोनदा काहीतरी दाबलं. तिसऱ्यांदा चुकलं की कार्ड बंद.

"जळलं मेलं!" ती किंचाळली. शेजारच्या पोलंडवाल्यांना वाटलं, ती नाचतेय. त्यांनीही नाचायला सुरुवात केली.

"अगं, आधी गाणं बघ," साल्वू म्हणाला. "मत शेवटपर्यंत देता येतं."

"आणि शेवटी लाइन लागली नाही म्हणजे? क्लॅरिसच्या आधी अजून चार गाणी आहेत. ही गेले नि ही आले."

सामानघरापुढे ही रांग! सगळ्यांना आताच काहीतरी आठवलेलं. आकडे घेऊन ती धापा टाकत परतली तर दार बंद. दाराशी उभ्या असलेल्या पोरीनं गोड हसून हात आडवा केला. गाणं सुरू झालं की आत सोडत नाहीत.

आतून माल्टाचं नाव आलं.

"अगं बये, माझी भाची आहे ती! मी तिला न्हाऊ घातलंय!" चेट्टा माल्टी भाषेत ओरडली. पोरगी पुन्हा तशीच हसली. भिंतीपलीकडून ढोल ऐकू आले, मग गर्दीचा आवाज. क्लॅरिसचा आवाज काही ऐकू आला नाही. दार उघडलं तेव्हा मंचावर दोन माणसं चमचमता कागद झाडत होती.

साल्वू होता तिथेच होता, घामाघूम. "कशी गायली?" तिनं विचारलं.

"बरी गायली," तो म्हणाला.

मग तिनं मतं दिली. फोन घेईल तितकी, एकामागून एक, दात खाऊन. प्रत्येक मताला "घ्या!" म्हणत होती.

परीक्षकांनी क्लॅरिसला थोडेफार गुण दिले. पुढे प्रेक्षकांची पाळी आली. निवेदिकेनं माल्टाचं नाव घेतलं, जरा थांबली, आणि म्हणाली, शून्य.

"शून्य? मग माझी मतं कुठे गेली?"

"प्रत्येक देशाच्या मतांत पहिल्या दहा आलेल्यांनाच गुण मिळतात गं," साल्वू हळूच म्हणाला. "आपण इथे दहात आलोच नसणार."

"मग हे कुणी आधी का नाही सांगितलं मला?"

"क्लबात दरवर्षी सांगतात. तू तेव्हा ओरडत असतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लॅरिस हॉटेलात आली. डोळे सुजलेले, तरी हसत होती. मावशीच्या गळ्यात पडली आणि बाजूच्या खुर्चीत बसून तिचा हात धरला.

"मावशी, एकच विचारायचंय. रेकॉर्डिंग बघायला धीर होत नाही. सगळे छान छान म्हणतात, ते म्हणणारच. तू तोंडावर बोलतेस. तो शेवटचा वरचा सूर, तो हॉलमध्ये लागला का गं?"

"मी तुला मतं दिली," चेट्टा म्हणाली. "भरपूर दिली. डेन्मार्कातून."

"हो गं, पण सूर?"

चेट्टाला स्वतःचीच अशी चीड आली की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. "मी बाहेर होते, पोरी. फोनचे आकडे आणायला गेले होते. दारातच अडवलं." मग घाईघाईनं म्हणाली, "पण काका होता ना आत! काकाला विचार. अरे, सांग ना!"

साल्वू बुटांकडे बघत राहिला. बायकोला थाप मारणं वेगळं. या पोरीपुढे खोटं बोलायला त्याची जीभ उचलेना.

"ही येईना म्हणून मी दुसऱ्या दारानं हिला शोधायला गेलो होतो," तो म्हणाला.

क्लॅरिसनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"मी तुम्हालाच शोधत गात होते," ती म्हणाली. "अख्खं गाणं."