आईशेजारची मोकळी पट्टी

शहराच्या कडेला आमचं छोटं यहुदी कबरस्तान आहे. तिथं सगळ्यांत शेवटी पुरली ती माझी आई. बाकीची घरं केव्हाच इस्रायलला गेली. पुंडलिकनगरात मी आणि नव्वदीला टेकलेले वडील, एवढेच उरलो. भिंत पडली, गवत माजलं. लोक खुशाल कचरा आणून टाकायचे. अरे, तुमच्या माणसांवर टाकाल का? मला लई संताप यायचा. शेवटी तिकडच्या नातेवाइकांच्या मदतीनं मीच काम काढलं.

भिंत झाली. हिब्रू अक्षरांचे आडवे पडलेले दगड उभे केले. मग कबरींमधून फरशीची पायवाट घालायची ठरली. आईच्या कबरीला लागून थोडी मोकळी पट्टी होती. मिस्त्री म्हणाला, "इथूनच सरळ नेतो." मी म्हणालो, "न्या."

दुसऱ्या दिवशी वडील हट्टानं रिक्षातून आले आणि त्या पट्टीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. हलेचनात.

"बाबा, तुमची जागा आईच्या त्या बाजूला धरलीय ना? इथं तुम्ही मावणार तरी का?"

"मला कुठंही टाका. इथून वाट नाय न्यायची."

"अहो, पण का? माणसं खोळंबलीत!"

ते मिस्त्रीकडं बघत बोलले, माझ्याकडं नाही. "पोरगं हाय तिथं. ह्याच्या आधीचं. एवढ्याशा जिवाला दगड कोण लावतंय तेव्हा!"

मिस्त्रीनं कुदळ बाजूला ठेवली. मी खालीच बसलो. मला भाऊ होता, आणि मी त्याच्यावर फरशी घालायला निघालो होतो.

"नाव काय त्याचं?"

"आपल्यात सुंतेच्या दिवशी नाव ठेवतात. त्याच्या आधीच गेलं. मग मातीत ठेवताना ठेवलं." वडील आता माझ्याकडं वळले. "तुझंच. तू झालास, तर तुझ्या आईला दुसरं नाव तोंडात घ्यायचंच नव्हतं."

पायवाट वळवून नेली. वडिलांना घरी सोडलं. पण तेव्हापासून कुणी मागून नावानं हाक मारली, की ओ द्यायला जीभ वळत नाही.

लहानपणी आई मला कबरस्तानात आणायची. मी भिंतीकडं खेळायचो, ती नेमकी त्या मोकळ्या पट्टीपाशी बसायची आणि हळूच माझं नाव घ्यायची. मी "ओ" करत पळत यायचो. प्रत्येक वेळी ती दचकायची, मग डोळे पुसून मला पोटाशी धरायची. मला वाटायचं, आपल्याशिवाय हिला करमत नाही.

तिनं मला कधी बोलावलंच नव्हतं.