मीटरचं चक्र फिरत होतं

शिगेनो-सानला सगळे शहाणी म्हणायचे, आणि ती होतीच. तीन गावांना पाणी पुरवणाऱ्या आणि त्यांचं सांडपाणी निस्तरणाऱ्या आमच्या कंपनीत ती बावीस वर्षं मीटर वाचत होती. मी तिच्याच हाताखाली शिकले. पहिल्या दिवशी मीटरच्या खड्ड्याचं निळं झाकण उचललं, तर आत हा एवढा बेडूक! मी किंचाळले. ती म्हणाली, "ओरडतेस काय रेई, त्याचं घर आहे ते. आकडा बघ, माफी माग आणि झाकण लाव."

कुणाच्या घरात पाऊल न टाकता तिला घरातलं सगळं कळायचं. दर दोन महिन्यांनी आकडा बघायचा, बस्स. "इथे बाळ झालंय वाटतं." "इथला नवरा परत आला बरं का, आंघोळीचं पाणी वाढलंय." असल्या गप्पा गाडीत. बाहेर मात्र तोंडाला कुलूप. एकदा एका म्हाताऱ्याचा आकडा दोन महिन्यांत जेमतेम हलला होता. तिने शेजाऱ्यांना गोळा करून दार उघडायला लावलं, आणि म्हातारा वाचला. कंपनीने तिला मानपत्र दिलं. तेव्हापासून नव्या पोरींना आम्ही एकच धडा पढवायचो, आकडा हलला नसेल तर घाबरा. मीटरमधलं चक्र फिरत असेल, म्हणजे पाणी वाहतंय, तर काय, गळती असेल. चिठ्ठी टाका आणि पुढे चला.

डोंगराच्या पायथ्याशी इगाराशी आजी एकटी राहायची. मुलगा तोक्योला. आमची गाडी दिसली की ही दारात उभी. मग चहा, मुरवलेला मुळा आणि टोमणे.

"आलीस का गं पाणीवाली? माझं पाणी मोजतेस, तुझं वजन कोण मोजणार?"

"मोजू नका आजी, तुमच्याच मुळ्याने वाढलंय ते," शिगेनो-सान म्हणायची.

तिथे वीस मिनिटं मोडायचीच. मी गाडीत हॉर्न वाजवत बसायचे. राग यायचा मला, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे डिसेंबर लागला की मीटर बर्फाखाली जातात, ते थेट मार्चमध्ये वर येतात. त्यामुळे नोव्हेंबरची शेवटची फेरी म्हणजे नुसती पळापळ. त्या वर्षी तर बर्फ आठवडाभर आधीच येणार म्हणून सांगितलं होतं. सकाळपासून माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता, "आज चहाबिहा काही नाही हं. दीडशे घरं राहिलीत."

आजी दारात नव्हती. शिगेनो-सानने झाकण उचललं. चक्र भराभर फिरत होतं. अशा वेळी बेल वाजवून विचारायचं असतं, नळ चालू आहे का म्हणून. कुणी आलं नाही तर हातातल्या मशीनमधून निघणाऱ्या गळतीच्या चिठ्ठीवर 'घरी कोणी नाही' अशी खूण करून ती पत्रपेटीत टाकायची. तिने बेल वाजवली. एकदाच. जरा थांबली. मी खिडकीतून ओरडले, "चला हो! आजी नाही घरात, सुटलो आज!"

तिने खूण केली, चिठ्ठी टाकली आणि येऊन बसली. "दवाखान्यात गेली असेल. बरं झालं बाई, वेळ वाचला." आम्ही दोघी हसलो. ते हसणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आजी घरातच होती. मुरवायचे मुळे नळाखाली धूत होती, तिथेच कोसळली. नळ तसाच वाहत राहिला. मागच्या गटारातलं पाणी थांबतच नाही, हे तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या लक्षात आलं, तेव्हा दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, आम्ही गेलो त्याच सकाळी नऊच्या सुमारास पडली असावी, दुपारपर्यंत जीव होता. आमच्या चिठ्ठीवर मशीनने वेळ छापली होती, दहा बेचाळीस.

आमचे साहेब मोतेगी. त्यांनी शिगेनो-सानला बोलावून सांगितलं, "सगळं नियमाप्रमाणेच झालंय. मुलगा येतोय. वाकून नमस्कार करा, वाईट वाटलं म्हणा. वेळेबद्दल एक अक्षर नको."

ती चार दिवसांत अर्धी झाली होती. मी म्हटलं, "घाई मी केली, चूक माझी आहे."

"बेल कुणी वाजवली?" एवढंच म्हणाली ती. पुढे मला बोलूच दिलं नाही.

मुलगा आला. पन्नाशीचा, काळ्या सुटातला. एका हातात मिठाईचा डबा, दुसऱ्यात आमची चिठ्ठी. म्हणाला, "आई फोनवर तुमच्याबद्दलच बोलायची. आभार मानायला आलोय." मोतेगी साहेबांचा जीव भांड्यात पडला. ते घाईघाईने वाकले.

शिगेनो-सान वाकली नाही. ती खाली गुडघ्यांवर बसली आणि तिने कपाळ जमिनीला टेकवलं. "मी गेले तेव्हा त्या जिवंत होत्या. मी एकदाच बेल वाजवली. चक्र एवढं भराभर फिरतंय म्हणजे नळापाशी माणूस आहे, हे मला सुचायला हवं होतं. बावीस वर्षं हेच करतेय मी. पण मला घाई होती."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला रडू आवरेना. मुलाने चिठ्ठीवरची वेळ पाहिली. ओरड रे बाबा, मी मनात म्हणत होते, शिव्या दे, काहीही कर. तो तिच्यासमोर खाली बसला.

"म्हणजे आईला बेल ऐकू आली असेल," तो म्हणाला. "कुणीतरी दारात आलंय, एवढं तरी तिला कळलं. मी तर तीन वर्षांत फिरकलो नाही." आणि त्यानेही कपाळ टेकवलं. बिचारा, तिला बरं वाटावं म्हणून बोलला तो.

नंतर मी तिला धरून गाडीपर्यंत नेलं. दार उघडलं तरी ती बसेना. दाराला धरून उभीच राहिली.

"आजीला कळलं असणार गं, रेई," ती म्हणाली. "मी आले ते. आणि मी गेले, तेही."