बंदुकीच्या दस्त्यावरची सही

रेडियमवाला आसिफ म्हटलं की लातुरात लोक आधी विचारतात, "तो चिडका का?" राग त्याला येत नाही, तो असतोच, भिंतीत ओल असावी तसा. त्याची बायको तूबा सांगते, निकाहाच्या दिवशीही तो मंडपवाल्याशी भांडत होता, कारण कमानीवर त्याच्या नावातली अक्षरं एकमेकांना चिकटवली होती.

ट्यूशनच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटा, ऑटोच्या काचेवर पोरांची नावं, मोबाईलच्या पाठीवरचे स्टिकर. या गल्लीत सगळ्या जिल्ह्यांतून पोरं येतात आणि एक-दोन वर्षं डॉक्टर होत राहतात. जी होतात त्यांचे फोटो फ्लेक्सवर लागतात. आसिफचा पहिला राग या फ्लेक्सवर.

"समद्यांच्या अंगात कोट एकच हाय," तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो. "फाईल एक, डोकी बदलत्यात. त्या डाव्या खिशापाशी सुरकुती बघा. धा वर्षं झाली, एकानं इस्त्री केली न्हाई."

मी पाहिलं. सुरकुती आहे.

फ्लेक्सशी त्याचं वैर घरातलं आहे. त्याचे वडील चांदपाशा मूळचे मुरुडचे, पेंटर. एके काळी लातूरच्या निम्म्या दुकानांची पाटी त्यांच्या हातची होती. ठळक अक्षर, त्याला लाल शेड, कडेला वेल, एखादा पोपट, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक तिरकी सही: चांदपाशा. त्या काळात पेंटरची सही कोपऱ्यात असणं हा रिवाजच होता. दुकानदारही मुद्दाम दाखवायचे.

भूकंप झाला तेव्हा आसिफ जन्मायचा होता. किल्लारीच्या बाजूला नवी गावं उभी राहिली, आणि चांदपाशांना मोठं काम मिळालं: प्रत्येक घरावर देणगीदाराचं नाव रंगवायचं. घर वाटाण्याएवढं, नाव टरबुजाएवढं. माणसं पत्ता सांगायची, आम्ही साबणवाल्यांच्या गल्लीत राहतो, आम्ही सिमेंटवाल्यांच्या. साखराबाई नावाच्या एका बाईनं चांदपाशांना गळ घातली, भिंतीखाली गेलेल्या माझ्या मालकाचं नाव दारावर लिहून द्या. त्यांनी लिहिलं. ठेकेदारानं त्यावर चुना मारायला लावला. चांदपाशांनी रंगाचा डबा ठेकेदाराच्या पांढऱ्या जीपवर रिकामा केला आणि पायी निघून आले. आसिफचा राग कुठून आला, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

पुढं ट्यूशनच्या पाट्या आल्या, सरांच्या नावामागं पदव्यांची मालगाडी. मग फ्लेक्स आलं आणि ब्रश वाळले. एकेक पाटी उतरत गेली. शेवटची एका पिठाच्या गिरणीवर होती. रस्ता रुंद करताना तीही भंगारात गेली. चांदपाशांची सही गावात कुठंच उरली नाही. तेव्हापासून ते घरी खाटेवर बसून असतात आणि टीव्हीवरच्या जाहिरातींची अक्षरं कशी वाईट आहेत ते जन्नतबींना, म्हणजे बायकोला, ऐकवतात.

आसिफ खेळाकडं वळला तो पोरांमुळं. स्टिकर कापून होईपर्यंत ती बाकड्यावर बसून मोबाईलवर 'चकमक' खेळायची. अनेकांनी मिळून एकमेकांना गोळ्या घालायच्या असा तो खेळ. त्यात बंदुकीला आणि माणसाला कपडे मिळतात, त्याला ही पोरं स्किन म्हणतात. सोन्याची बंदूक, आगीच्या ज्वाळांची बंदूक, सशाचं गुलाबी सोंग घातलेला सैनिक. त्यानं गोळी एक सूतही लांब जात नाही. पण ज्याच्याकडं काहीच नाही, कंपनीनं दिलेली करडी बंदूक घेऊन जो फिरतो, त्याला सगळे 'फुकट्या' म्हणतात आणि आधी मारतात.

"हितं काय येगळं हाय?" आसिफ म्हणायचा. "स्टार बॅचला लाल टीशर्ट, रिपीटरला राखाडी. मेसवालीसुद्धा लाल बघून तूप वाढती."

बघता बघता तो त्या पोरांपेक्षा चांगला खेळायला लागला. राग खर्च करायला ही जागा सोयीची होती. त्या खेळात आपली बंदूक आपणच रंगवायचीही सोय होती, आणि तिथं त्याचा हात थांबला. त्यानं नळीवर वेल काढली, बाजूला लाल शेडची पट्टी, दस्त्यावर अब्बांचा पोपट. पोपटाखाली कोपऱ्यात बारीक तिरकी सही केली: चांदपाशा.

चकमकीत मेलेल्या माणसाला मारणाऱ्याची बंदूक पडद्यावर जवळून दाखवतात. त्यामुळं मेलेली पोरं पोपट बघायला लागली, आणि विचारायला लागली. मग कंपनीनं स्पर्धा काढली, 'तुमच्या मातीची बंदूक'. आसिफनं आपली पाठवली आणि ती निवडली गेली. आता ती खेळाच्या दुकानात लागणार होती, देशभरच्या पोरांच्या हातात जाणार होती. लातुरातून पुसलेली सही पुन्हा कुठंतरी लागणार होती. या एका विचारानं तो चक्क आठवडाभर कुणाला ओरडला नाही. गिऱ्हाइकं घाबरली, बरं नाही का म्हणून.

कंपनीकडून सृष्टी नावाच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. बोलणं अगदी स्वच्छ, पुण्याकडचं.

"आसिफसर, तुमचं काम अप्रतिम आहे. फक्त दोन छोटे बदल. एक, पोपटाऐवजी किंवा पोपटाबरोबर एखादा उंट चालेल का? देशी फील येतो."

"उंट? म्याडम, आमच्याकडं उंट न्हाई. म्हैस चालंल का?"

"बरं, उंट आम्ही बघू. दुसरं, ते कोपऱ्यातलं नाव काढावं लागेल. खऱ्या व्यक्तीचं नाव बंदुकीवर चालत नाही. कुणाच्या भावना दुखावू शकतात."

"गोळी घातल्यानं दुखावत न्हाईत?"

"सर, तो खेळ आहे."

"अन् तुमच्या मेलात ही बाजूला मोकळी जागा सोडा म्हणता, ती कशाला?"

"तिथं आपल्या पार्टनरचा लोगो येईल. थंड पेयांची कंपनी आहे."

"म्हंजे सोडावाल्याचं नाव चालतं. रंगवणाऱ्याचं न्हाई."

"सर, ते पार्टनर आहेत."

आसिफनं फोन पालथा ठेवला. त्यानंतर आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला, एका बिचाऱ्या शिक्षकाला, त्यानं नंबरप्लेटीच्या अक्षरांवरून इतकं झापलं की तो प्लेट न घेताच गेला.

संध्याकाळी तो घरी गेला आणि मोबाईल अब्बांच्या हातात दिला. घरात दखनी आणि मराठी मिसळून चालते.

चांदपाशांनी चष्मा लावला. पोपट बघितला. "चोच मोटी हुई." मग खाली गेले आणि थांबले. "ये मेरा नाम कायकू डाला रे?"

"तुमच्या हाताचं काम हाय, अब्बा. तुमचीच वेल, तुमचाच पोपट."

"मैंने बंदूक कब रंगाया?"

"शिकवलं तर तुम्हीच."

"शिकवलं अन् रंगवलं एक हाय का?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. जन्नतबी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "ज्या कामाला मी हात लावला न्हाई, त्याच्यावर माझं नाव? मग त्या घरांवरच्या देणगीवाल्यांत अन् माझ्यात फरक काय राहिला? निकाल मेरा नाम!"

"कंपनीबी तेच म्हणती!" आसिफ ओरडला. "तुम्ही दोघं मिळून काढा!"

"कंपनी मेरा नाम निकालती? उसकी क्या मजाल!"

"अहो, आत्ता तुम्हीच…" जन्नतबी म्हणाल्या.

"मैं निकालूं तो मेरी मर्जी. वो कौन?" म्हातारा खाटेवरून उठला. मग पोराकडं वळून, त्याच चढ्या आवाजात, "तेरी सही किधर है?"

आसिफला सही नव्हती. बँकेत तो नाव लिहून दाखवायचा, तेवढंच. रेडियम कापणाऱ्याची सही कुणी बघत नाही. स्टिकर सोलला की मामला संपला.

"दुकान चालवतो, बंदूक रंगवतो, सारी दुनिया से लडता है, अन् सही नाही?" चांदपाशा म्हणाले. "तर मग काय भांडतो रे तू?"

पुढं काही दिवस तूबा बापलेकांचे निरोप एकमेकांना पोचवायची आणि वाटेत त्यातल्या शिव्या गाळायची. दुकानात मात्र उरलेल्या रेडियमच्या तुकड्यांवर, काचेवर, बिलाच्या पाठीवर आसिफ काहीतरी गिरवत होता. आडवं, तिरकं, मग दोन्हींच्या मधलं. शेवटी एक सही जमली. त्यानं पोपटाखालची अब्बांची सही पुसली आणि आपली टाकली: आसिफ रेडियम.

सृष्टीनं पुन्हा फोन केला. "सर, नाव म्हणजे नाव. तुमचं असो की वडिलांचं."

"मग ऱ्हाऊ द्या. माझी बंदूक मला परत द्या."

"तसं नाही होत, सर. स्पर्धेत भाग घेताना तुम्ही अटी मान्य केल्यात. डिझाईन आता आमचं आहे."

तिचा आवाज खरंच वाईट वाटल्यासारखा होता. वाईट वाटून घेण्याचा पगार त्यांना मिळत असावा.

महिन्याभरात बंदूक दुकानात लागली. नाव 'देशी ठसका'. वेल होती, पोपट होता, त्याच्या शेजारी एक उंट, आणि नळीभर सोडावाल्याचं नाव. सहीच्या जागी गुळगुळीत लाल रंग. वर आणखी एक: बंदुकीवर नाव टाकणं हा नियमभंग म्हणून आसिफच्या खात्यातली त्याची स्वतःची बंदूक कंपनीनं पुसून टाकली. त्याच्या हातात करडी बंदूक आली. तो फुकट्या झाला.

त्या दिवशी तूबाला वाटलं, मोबाईल भिंतीवर फुटणार. तो फुटला नाही. आसिफनं खेळातलं आपलं 'लातूर का डॉन' हे नाव काढलं आणि 'आसिफ रेडियम' लिहिलं. बंदुकीवर नाव चालत नव्हतं. मारणाऱ्याचं नाव मात्र मरणाऱ्याच्या पडद्यावर यायचंच, मोठ्या अक्षरात. त्याला कंपनीची हरकत नव्हती. मग तो सुटला. पोपटाची बंदूक दिसली की आधी तिला.

परवा मी दुकानात होतो. सत्यम नावाचा पोरगा आला, इस्लापूरचा, रिपीटर, राखाडी टीशर्ट. मोबाईलच्या पाठीवर 'देशी ठसका' काढून पाहिजे म्हणाला. आसिफनं पट्टी खाली ठेवली.

"ती बंदूक कुणाची हाय, म्हाईत हाय का?"

"कंपनीची."

"माझी हाय. पोपट माझा हाय. मी काढलाय."

पोरानं त्याच्याकडं, मग वर पाटीकडं बघितलं. "आसिफ रेडियम? म्हंजे तुम्हीच व्हय ते! काल तीन डाव मारलं मला, काका! करड्या बंदुकीनं!"

"मारणारच. माझा पोपट घिऊन फिरतो अन् वर सोडा विकतो."

"पण पोपट तुमचा कशावरून?"

प्रश्न सरळ होता. बंदूक पुसली गेली होती, सही पुसली गेली होती. आसिफचा चेहरा तांबडा होत गेला. मी पिशवी उचलून उठायच्या बेतात होतो.

"काढ मोबाईल," आसिफ म्हणाला. "डाव लाव."

पोरानं लावला. दोघं बाकड्यावर शेजारी शेजारी बसून एकमेकांना शोधत राहिले. थोड्याच वेळात सत्यम मेला. पडद्यावर नाव आलं.

"पर ह्यानं पोपट तुमचा हाय हे कुठं शाबीत झालं?" तो म्हणाला.

"न्हाई झालं," आसिफ म्हणाला. "परत लाव."