लोटलेल्या दारामागची शिकवणी

चौकटीवर लाटण्याचा एक ठोका पडला की समजायचं, चुकलं. दोन पडले की तीच ओळ पुन्हा वाचायची. आणि ठोका न पडता आतलं भाकरी थापणंच थांबलं, तर आपण काहीतरी भलतंच बोलून गेलो आहोत हे ओळखून गप्प बसायचं. बाईंच्या शिकवणीचे नियम एवढेच. ते कुणी सांगितले नव्हते, बसून बसून आम्हाला कळले.

बाई माजघरात, आम्ही ओसरीवर, मध्ये लोटलेलं दार. दाराला चार बोटं फट. त्या फटीतून इंग्रजी बाहेर यायचं आणि त्याच्यामागून फोडणीचा ठसका. नेवाशात सेहेचाळीस साली एका तरुण विधवेनं परक्या पुरुषांना शिकवायचं म्हणजे याहून वेगळी सोय नव्हती. तुम्ही मास्तर पुष्कळ पाहिले असतील, छडीवाले, तपकीरवाले, खुर्चीत डुलक्या घेणारे. मला ज्यांनी इंग्रजी शिकवलं त्यांना मी फक्त एकदा धड पाहिलं, असं सांगितलं तर तुम्हाला थाप वाटेल. मलाही अधूनमधून वाटते.

घर शास्त्रीबुवांचं. ते गावातले भिक्षुक आणि बाई त्यांची सून. शास्त्रीबुवांची बायको आधीच गेलेली. मुलगा लग्नानंतर दोन वर्षांत तापानं गेला. घरात सासरा आणि सून अशी दोनच माणसं उरली. बाई मूळच्या बेलापूरच्या, एका मास्तरांच्या एकुलत्या एक. मास्तरांनी मुलगा नाही म्हणून आपलं सगळं इंग्रजी मुलीला देऊन टाकलं आणि नंतर तिला भिक्षुकाच्या घरात दिली. या दोन गोष्टींचा मेळ त्यांनी मनात कसा घातला असेल, देव जाणे.

शिकवणी सुरू झाली तीसुद्धा चुकून. गावातल्या वकिलांचा मुलगा मुहूर्त विचारायला आला होता. शास्त्रीबुवा येईपर्यंत ओसरीवर बसून तो इंग्रजी धडा घोकत होता. आतून आवाज आला, “तसं नाही ते.” मुलगा दचकला. पुन्हा वाचलं, पुन्हा आवाज. तो पोरगा त्या वर्षी इंग्रजीत पास झाला आणि दुसऱ्या वर्षीपासून वकीलसाहेब ज्याला त्याला शास्त्रीबुवांच्या ओसरीचा पत्ता देऊ लागले.

मी मामलेदार कचेरीत कारकून होतो. खात्याच्या परीक्षेत इंग्रजी मसुदे लिहावे लागत आणि ती पास झाल्याशिवाय बढती नव्हती. मी दोनदा आपटलो होतो. पहिल्या दिवशी फटीकडे बघून म्हणालो, “बाई, मला साहेबाला लिहायचे मसुदे तेवढे शिकवा.”

“ते तुमचे साहेब शिकवतील,” आतून आवाज आला. “मी कविता शिकवते.”

“पण बाई, कवितेवर प्रश्न नसतो.”

“ज्या भाषेत रुसता येत नाही, भाऊसाहेब, त्या भाषेत अर्ज करू नये.”

हे वाक्य मी पुढं कितीदा तरी ऐकलं. त्या दिवशी काही कळलं नाही. आज कळलंय असं समजून चालतो. परीक्षेसाठी आलेला माणूस समुद्रात बुडालेल्या नावाड्याची कविता घोकत घरी गेला. समुद्र बाईंनी पाहिला नव्हता, मीही नाही. त्या म्हणाल्या, “पुरातली प्रवरा डोळ्यांपुढं आणा आणि पलीकडचा काठ काढून टाका.” मी आणली. रात्रभर नीट झोप लागली नाही.

शास्त्रीबुवा ओसरीच्या कोपऱ्यात डोळे मिटून माळ ओढत बसायचे. राखणीला बसायचे की ऐकायला, हे आम्हाला ठरवता यायचं नाही. एकदा मी निघालो असताना त्यांनी हळूच विचारलं, “त्या नावाड्याच्या बायकोचं पुढं काय झालं हो?” मी सांगितलं की कविता तिथंच संपते. “असं कसं संपवतात?” असं म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

माझ्याबरोबर दुसरा विद्यार्थी होता घोडेगावच्या बाजारातला बैलांचा दलाल. बाई त्यांना घोडेगावकर म्हणत. लढाईच्या दिवसांत नगरच्या छावणीला जनावरं पुरवताना त्यांची गोऱ्या साहेबांशी गाठ पडली होती आणि दुभाषा मध्ये हात मारतो हा त्यांचा संशय होता.

“बाई, मला बैलाचं इंग्रजी शिकवा,” ते म्हणाले. “आमी बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करतो. बोलायचं कामच न्हाई. पर साहेब बोटाला हातच लावू देत न्हाई, त्याला आमी काय करावं?”

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचा घोटाळा तिच्यामुळं झाला. मी अंगानं दांडगा, पण आवाज माझा किनरा, कोवळ्या पोरासारखा. घोडेगावकर किडकिडीत, फुंकर मारली तर उडतील असे. पण तोंड उघडलं की बाजार गप्प व्हायचा.

बाईंनी त्यांनाही कविताच लावली. एक माणूस आपला लाडका घोडा विकतो आणि मग त्याच्या गळ्यात पडून रडतो, अशी ती कविता होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घोडेगावकर मात्र तापले. “ईकायचंच हुतं तर रडतो कशाला? अन् रडायचंच हुतं तर आदी भाव कशाला केला? ह्यो मानूस काय खरा न्हाई, बाई.”

आत थापणं थांबलं. आम्ही गप्प. बऱ्याच वेळानं आवाज आला, “असं परीक्षेत लिहिलंत तर नापास व्हाल. पण मला पटलं.” पाठोपाठ करपल्याचा वास आला. कविता बाईंना किती आवडली हे आम्हाला भाकरीच्या वासावरून कळायचं. त्या दिवशी शास्त्रीबुवांनी तक्रार न करता काळी भाकरी खाल्ली.

इंग्रज जाणार, आज जाणार, उद्या जाणार, असं तेव्हा रोज चाललेलं. पारावर मला लोक विचारायचे, “साहेब निघाला बिऱ्हाड घेऊन, अन् तुमी आता व्हय इंग्रजी शिकता?” मलाही तो पेच पडायचा. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “जाईना का. पुस्तकं थोडीच बोटीत भरून नेणार आहे?” हे बोलताना त्या हसत होत्या की चिडल्या होत्या, ते दाराआडून समजलं नाही. चेहरा दिसत नसला की माणूस निम्मंच कळतं आणि उरलेलं आपण आपल्या मनानं भरतो. मी बाईंना चाळिशीच्या, जाडशा, कडक अशा धरून चाललो होतो.

मग वकीलसाहेबांनी बातमी आणली. नगरला मुलींच्या एका शाळेत इंग्रजीला बाई हव्या होत्या. राहायची सोय शाळेतच. वकिलांनी परस्पर बोलणंही लावलं होतं. अट एकच, वर्गापुढं उभं राहून एक धडा शिकवून दाखवायचा.

शास्त्रीबुवांची माळ थांबली. सून नगरला एकटी राहून नोकरी करते म्हटल्यावर त्यांना श्राद्धपक्षाला कोण बोलावणार, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि बाई गेल्या तर घरात त्यांना पाण्याचा तांब्या द्यायलाही माणूस उरत नव्हतं. बाई नाही गेल्या तर त्यांचा उरलेला जन्म त्या दाराच्या चार बोटं फटीतून जाणार, हेही दिसत होतं.

“मामंजी म्हणतील तसं,” आतून आवाज आला.

शास्त्रीबुवा म्हणाले, “मी हो म्हणत नाही. नाही असंही म्हणत नाही. मला कुणी विचारू नका.” थोड्या वेळानं त्यांनी पंचांग उघडलं आणि कुणाकडेच न बघता पुटपुटले, “पुढचा बुधवार प्रवासाला बरा दिसतोय.”

“पण तोंड दाखवून मी कधी शिकवलेलं नाही,” बाई म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

“मंग आमच्यावर हात साफ करा की,” घोडेगावकर गरजले. “जनावर बाजारात न्यायच्या आदी दारात फिरवून बघत्यातच.” बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. मी डोळे मिटून घेतले. आणि आतून हसू ऐकू आलं. इतक्या महिन्यांत बाई हसलेल्या आम्ही ऐकल्या नव्हत्या. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

रविवारी दुपारी दार उघडलं. आम्ही ताबडतोब पुस्तकात माना घातल्या. मला फक्त पावलं दिसली आणि लुगड्याचा काठ. बाईंनी धडा सुरू केला.

“भाऊसाहेब, पहिलं कडवं वाचा.”

मी पुस्तक वर उचललं.

“तुम्ही थांबा. मी भाऊसाहेबांना सांगितलं.”

मी मान वर केली. बाई घोडेगावकरांकडे बघत होत्या. घोडेगावकर माझ्याकडे बघत होते. मी बाईंकडे बघितलं आणि गांगरलो, कारण समोर जेमतेम पंचविशीची, हडकुळी, घाबरलेली मुलगी उभी होती. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं.

“मीच भाऊसाहेब,” मी म्हणालो.

“आन् मी बैलवाला,” घोडेगावकरांनी गोंधळात भर घातली.

बाई उंबऱ्यावर बसल्या. त्या फटीतून आम्हाला बघत असतील असं मी धरून चाललो होतो. त्यांनी कधीच बघितलं नव्हतं. भरदार आवाजाला त्यांनी दांडगं अंग दिलं होतं आणि माझ्या किनऱ्या आवाजाला एक लाजरा, किडकिडीत कारकून. “मग मी इतके दिवस शिकवत होते ते कोण?” त्या म्हणाल्या. हे त्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं. उठून त्या आत गेल्या आणि दार लावलं. पूर्ण लावलं, चार बोटं फटही उरली नाही.

मला वाटलं, संपलं. नगर गेलं, शाळा गेली. मला फार वाईट वाटलं. घोडेगावकर जमिनीकडे बघत म्हणाले, “आपलीच तोंडं वाईट, दुसरं काय.” शास्त्रीबुवा जागचे उठले नाहीत.

बऱ्याच वेळानं कडी वाजली. बाई बाहेर आल्या, डोळे धुतलेले होते. “पुन्हा,” त्या म्हणाल्या. “आणि दोघंही माझ्याकडं बघा. तिकडं मुली बघणारच आहेत.”

आम्ही बघितलं. कसं बघायचं असतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. घोडेगावकर घामाघूम झाले. बाईंनी तो धडा असा शिकवला की तो ऐकावा की त्यांच्या हातांचे हलणारे पंजे बघावेत, हे मला समजेना. शिकवताना त्यांचे हात हलतात हे कुणाला ठाऊक होतं?

बुधवारी त्या सर्व्हिस मोटारीनं नगरला गेल्या. नोकरी लागली. मीही त्या वर्षी परीक्षा पास झालो. साहेबांनी माझा पहिला मसुदा वाचला आणि म्हणाले, “ठीक आहे, पण हा वाचून वाईट का वाटतंय?”

व्हायचं तेच झालं. शास्त्रीबुवांची यजमानांकडची बोलावणी कमी होत गेली. ते एकटेच पिठलं-भात करून खात. पुढच्या वर्षी मला कचेरीच्या कामानं नगरला जायचं होतं. आदल्या दिवशी ते घरी आले. “तिला विचारा...” म्हणाले आणि थांबले. “नको. काही विचारू नका. नुसतं पाहून या.”

मी शाळेत गेलो. तास चालू होता. व्हरांड्यातून बाईंचा आवाज येत होता, मोकळा, वर्गभर फिरणारा. मध्येच मुली खळखळून हसल्या. दाराशी माझी सावली पडली म्हणून बाई बाहेर आल्या. माझा चेहरा त्यांनी एकाच दिवशी बघितलेला, तोही आधी दुसऱ्याचा समजून. त्यांनी ओळखलं नाही. “कोण हवंय आपल्याला?” त्यांनी विचारलं.

“बाई, मी नेवाशाहून आलो,” मी म्हणालो.

माझा आवाज कानावर पडला मात्र, बाई झटकन वर्गाच्या दाराआड झाल्या. चाळीस पोरींपुढं पदर सावरून शिकवणारी बाई माझ्यासाठी दाराआड गेली. आणि मीही मूर्खासारखी मान खाली घातली.

“अहो भाऊसाहेब! केव्हा आलात?” दाराआडून आवाज आला, अगदी पहिल्यासारखा. “मामंजी कसे आहेत? जेवतात ना नीट? घोडेगावकरांचं इंग्रजी कुठवर आलं?” मी जमिनीकडे बघत उत्तरं देत राहिलो. मुली खुसखुसत होत्या. आमचं बोलणं इतकं सरळ चाललं होतं की त्या दाराआडून बाहेर आल्या असत्या तर मला एक शब्द सुचला नसता. घंटा झाली. “बरं, येते मी,” आवाज म्हणाला आणि दूर गेला. आम्ही असं का केलं, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही. बाई पुढं तिथूनच कुठल्या मोठ्या शाळेत गेल्या. मला पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

नेवाशाला परतलो तेव्हा शास्त्रीबुवा ओसरीवरच बसले होते.

“पाहिलंत?”

“हो.”

“वाळली का हो फार?”

मी धड पाहिलंच नव्हतं. “चांगल्या आहेत,” म्हणालो. “आवाज खणखणीत आहे. मुली हसत होत्या.”

“हसत होत्या,” ते म्हणाले. मग माळ उचलत, “इकडं केव्हा यायची, ते विचारलंत?”

“तुम्हीच म्हणालात ना, काही विचारू नका.”

“हो, हो,” शास्त्रीबुवा म्हणाले. “मीच म्हणालो होतो.”